वासुदेव बळवंतांच्या नावापुढचा शब्द

गेल्या १७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मंगरूळपीरला एका लहानशा वाचनमंडळात वासुदेव बळवंत फडके यांच्या पुण्यतिथीनिमित्त आम्ही वीसएक माणसे जमलो होतो. व्याख्यान संपले, आभार मानून झाले, चहा फिरू लागला, आणि तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, ज्यांची उभी हयात महसूल खात्यात गेली आणि ज्यांच्या सचोटीविषयी आमच्या तालुक्यात दुमत नाही, शांतपणे विचारले, "गुरुजी, बाकी सगळं मान्य, पण दरोडे तर त्यांनी घातलेच ना? मी आयुष्यभर सरकारी कागद हाताळले. कागदावर माणूस दरोडेखोर म्हणून लागला असेल, तर तुम्ही-आम्ही त्याला दुसरं काय म्हणायचं?" या प्रश्नात खोडसाळपणाचा लवलेश नव्हता. कागदावर श्रद्धा ठेवून जगलेल्या एका प्रामाणिक माणसाची ती खरीखुरी अडचण होती, आणि म्हणूनच चहाचा पेला खाली ठेवता ठेवता तिचे निराकरण करून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. त्या संध्याकाळी जे बोलता आले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम, जे खरे आहे ते पदरात घेतो. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारी गावी फडक्यांच्या टोळीने पहिला दरोडा घातला. त्यानंतरच्या आठवड्यांत पुणे जिल्ह्यात आणखी काही गावे लुटली गेली, आणि मे महिन्यात दौलतराव नाइकाच्या नेतृत्वाखाली रामोशांच्या तुकडीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे मोठी लूट केली. या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यांना गोंडस नावे देण्यातही अर्थ नाही. मध्यरात्री ज्या घराचे दार कुऱ्हाडीने फुटते, त्या घरात अंथरुणावर उठून बसलेल्या मुलाला दार फोडणाऱ्याचा हेतू ठाऊक नसतो. त्याच्या वाट्याला येते ते केवळ भय. फडक्यांचा गौरव करताना त्या मुलाला विसरणारा चरित्रकार आपल्या नायकाची सेवा करीत नाही, कारण वाचक तितका भोळा नसतो आणि झाकलेली गोष्ट पुढे कोणीतरी उघडी केली म्हणजे तिच्याबरोबर खरी गोष्टही संशयित ठरते.

इतके मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो शब्दाचा, आणि शब्द कोण लावतो याचा. याविषयी बोलण्याचा आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना विशेष अधिकार आहे असे मी समजतो. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या पणजोबांनी करून दिलेले एक गहाणखत अद्याप जपून ठेवलेले आहे. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. मजकूर मोडीत, सराईत कारकुनी वळणाचा, एका दमात लिहिलेला. आणि तळाशी, पणजोबांना अक्षरओळख नसल्यामुळे, लेखनिकाने त्यांच्या नावापुढे काढलेली नांगराची निशाणी: एक आडवी रेघ, एक तिरपी, आणि त्यांना जोडणारा छोटासा फाळ. कुणब्याची सही म्हणजे नांगर, असा तो रिवाज. लहानपणी मला ते चित्र गमतीचे वाटे. पुढे मोडी वाचता येऊ लागली तेव्हा कळले की ज्या कागदावर तो नांगर काढला, त्याच कागदाने वावरातला नांगर सुटला. त्या व्यवहारात कोणी दार फोडले नाही, कोणी आवाज चढवला नाही, मुद्रांक रीतसर होता, साक्षीदार दोन होते. सरकारदरबारी ती नोंद निर्दोष आहे.

आणि जी गत एका कुणब्याच्या वावराची, तीच अवघ्या वऱ्हाड प्रांताची. १८५३ साली कंपनीने निजामाकडून हा मुलूख तोडून घेतला तो रणांगणावर जिंकून नव्हे. हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज कंपनीच्याच आग्रहाने निजामाच्या माथी मारण्यात आली होती, तिच्या थकलेल्या खर्चापोटी लावून दिलेला मुलूख म्हणून घेतला. म्हणजे धनकोने आधी कर्ज गळ्यात बांधायचे, मग त्याच्या वसुलीसाठी जमीन ताब्यात घ्यायची, हा सावकारीचा जो परिचित क्रम, तोच येथे तहनाम्याच्या भाषेत पार पडला. वासुदेव बळवंत सह्याद्रीत हिंडत होते तेव्हा आमचे मंगरूळ बासीम जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्याची सरकारी ओळख 'हैदराबाद ॲसाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' अशी होती. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर या गहाणाचा कायमचा पट्टा करून घेण्यात आला. निजामाच्या कारभाराविषयी मला ममत्व नाही. परंतु लक्षावधी माणसे, त्यांची काळी जमीन, नद्या, देवळे आणि दर्गे यांच्यासह एखादा प्रांत फौजेच्या बिलापोटी हस्तांतरित होतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात त्या घटनेपुढे 'तह' हा शब्द लागतो. दुष्काळात एक माणूस धामारीच्या एका घरातून रक्कम उचलतो, आणि त्याच्या नावापुढे 'दरोडेखोर' हा शब्द लागतो. दोन्ही शब्द एकाच दप्तरखान्यातून निघालेले आहेत. माझ्या त्या वृद्ध मित्रांना माझे पहिले सांगणे असे की, कागद खोटा नसतो हे खरे मानले तरी तो कोणाच्या टेबलावर लिहिला गेला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

आता १८७६ आणि १८७७ ही वर्षे डोळ्यांपुढे आणावयास हवीत. पाऊस गेला, पुणे, सोलापूर, सातारा, नगर, कलादगी या जिल्ह्यांत पीक हाती लागले नाही, आणि दक्षिणेतील त्या दुष्काळाने पन्नास लाखांवर माणसे नेली. दुष्काळी कामांवर मजुराला जगण्यासाठी किती धान्य पुरे, याचा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी एक रत्तलावर आणून ठेवला, आणि तेच गृहस्थ त्याच १८७७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेला दिल्लीत दरबार भरून व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-ए-हिंद' ही पदवी धारण केल्याची द्वाही फिरली होती. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी हातच्या सुताचे कपडे घालून गेले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणि शस्त्रांचा कायदा हे दोन्ही १८७८ मधले. म्हणजे पोटात अन्न नाही, ते सांगण्यास तोंड मोकळे नाही, आणि हातात काठीखेरीज काही धरण्याची मुभा नाही, अशी ती अवस्था. आमच्याकडे हीच पाळी १८९९-१९०० मध्ये आली. वऱ्हाडातल्या जुन्या बायका संवत छप्पन सालच्या त्या दुष्काळाच्या गोष्टी सांगताना मध्येच थांबत, पदराने तोंड पुसत आणि पुढे बोलत नसत. ज्यांनी ते थांबणे पाहिले आहे त्यांना आकडेवारी सांगावी लागत नाही.

या काळात वासुदेव बळवंत पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी जन्मलेला, इंग्रजी शिकलेला, संसारी, कायमच्या पगाराचा हा माणूस. १८६० साली वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह ज्यांनी पूना नेटिव इन्स्टिट्यूशन ही शिक्षणसंस्था उभारली, जिच्यातून पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी नावारूपाला आली, त्यांतही त्यांचे नाव घेतले जाते. रविवारच्या व्याख्यानासाठी ते स्वतःच रस्त्याने थाळी वाजवीत फिरत आणि श्रोते जमवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लुटीच्या पैशावर चैन करण्याची ज्याला इच्छा आहे, तो माणूस अशी वाट घेत नाही. सुखाची नोकरी त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी सोडली. घर होते, तेही सोडले. आणि पाच महिन्यांच्या धावपळीनंतर २० जुलै १८७९ च्या पहाटे कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे, मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले, तेव्हा ते तापाने फणफणलेले, देवळाच्या आश्रयाला झोपी गेलेले असे सापडले. लुटीतला पैसा त्यांनी स्वतःसाठी गाठीला बांधल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. तो गेला माणसे, हत्यारे आणि घोडी जमविण्यात, आणि बराचसा गेला टोळीतल्याच लोकांच्या हातांतून गळून.

सरकारने तरी त्यांना मनापासून दरोडेखोर मानले होते काय? तेव्हाच्या भारतीय दंडविधानाप्रमाणे पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि त्याला पुरेशी शिक्षा त्याच ग्रंथात लिहिलेली होती. सरकारला तेवढ्यावर भागविता आले असते. परंतु पुण्याच्या न्यायालयात त्यांच्यावर राणीसरकारविरुद्ध युद्ध करण्याचाही आरोप ठेवण्यात आला, जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि १८८० च्या आरंभी त्यांना अंदमानाला न पाठविता समुद्रापलीकडे एडनच्या तुरुंगात नेऊन ठेवण्यात आले. सामान्य दरोडेखोरासाठी अंदमान पुरे होते. ज्याच्या मागे लोक उभे राहतील अशी धास्ती वाटते, त्यालाच इतक्या लांब, ओळखीची भाषा कानांवर पडणार नाही अशा ठिकाणी ठेवावे लागते. म्हणून माझ्या मित्रांचा कागद त्यांच्याविरुद्धच साक्ष देतो: बाहेर प्रसिद्धीसाठी सरकारने 'दरोडेखोर' म्हटले, आणि आरोपपत्रात 'युद्ध' लिहिले.

येथे एक जुनी आठवण अप्रस्तुत होणार नाही. १६६४ आणि १६७० साली सुरत लुटणाऱ्या शिवाजी महाराजांना त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांनी आणि नंतरच्या पुष्कळ लेखकांनी लुटारूच म्हटले. ग्रँट डफने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीत अकस्मात पेटलेल्या वणव्याची उपमा दिली. आणि त्या समजुतीचे सप्रमाण खंडन करणारा ग्रंथ १९०० साली ज्यांनी लिहिला ते महादेव गोविंद रानडे. मी फडक्यांना महाराजांच्या पंक्तीला बसवू इच्छीत नाही. तसे करणे दोघांवरही अन्याय होईल. महाराजांच्या मागे किल्ले होते, मुलूख होता, दोन पिढ्यांची तयारी होती, आणि लुटीचा पैसा दुसऱ्या दिवशी दप्तरात जमा करणारे राज्य होते. फडक्यांच्या मागे यांतले काहीच नव्हते. सांगावयाचे इतकेच की शत्रूच्या खजिन्यावर घाव घालणाऱ्याला 'लुटारू' म्हणण्याची चाल फडक्यांपासून सुरू झालेली नाही, आणि त्या शब्दाची झाडाझडती घेण्याची चालही आपल्याकडे जुनीच आहे.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत अधिक वजन देतो, त्याकडे येतो. हा आक्षेप इंग्रजांचा नाही, आपल्यांतल्याच विचारी माणसांचा आहे, आणि तो असा: आत्मचरित्रात फडक्यांनी आपल्या रामोशी साथीदारांविषयी कटू उद्गार काढले आहेत, त्यांना लुटीखेरीज कशाचीच ओढ नव्हती, मिळालेला पैसा ते दडवीत, संकटाची चाहूल लागताच पाय काढीत, अशी तक्रार तेथे आहे, तेव्हा या ब्राह्मण पुढाऱ्याने रानावनातल्या गरिबांना केवळ हत्यार म्हणून वापरले आणि काम फसताच दोष त्यांच्या माथी मारला. आक्षेप वाचला की मन क्षणभर खट्टू होते हे मी लपवीत नाही. पण आत्मचरित्र कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले ते पाहावे. १८७९ च्या एप्रिलात, बेत विस्कटल्यानंतर, फडके एकटे श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. देवापुढे देह ठेवावा, ही त्यांची मनःस्थिती होती. तेथे त्यांनी लिहिले. ते लिखाण पुढे सरकारच्या हाती पडले आणि खटल्यात त्यांच्याचविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. प्रसिद्धीसाठी लिहिणारा नेता असे लिहीत नाही. तो आपल्या सैन्याचे शौर्य रंगवितो, पराजयाचे खापर फितुरांवर फोडतो, आणि आपले अंदाज चुकले असे कधीही कबूल करीत नाही. या माणसाने लुटीची आसक्ती लिहिली, आपले ठोकताळे कसे कोसळले ते लिहिले, लहान लहान टोळ्या चहूकडे पाठवून टपाल, तारा आणि रेल्वे बंद पाडण्याचा आणि तुरुंग फोडून कैदी मोकळे करण्याचा आपला मनसुबा जसाच्या तसा लिहिला, आणि शेवटी देवांसाठी अस्थी देणाऱ्या दधीचीचे स्मरण करून, आपल्या हातून कार्य तडीस गेले नाही म्हणून देशबांधवांची क्षमा मागितली.

त्या तक्रारीत अन्याय आहे काय? आहे, असे माझे मत आहे. रामोशांनी पिढ्यानपिढ्या गडकोटांची राखण केली. पेशवाई बुडाल्यावर त्यांची वतने आणि हक्क हिरावले गेले. आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाइकांनी याच कारणासाठी इंग्रजांशी झुंज दिली होती. अशा माणसांपाशी, ज्यांच्या घरी दाणा नाही, हाती आलेल्या चांदीच्या नाण्याविषयी संन्याशाची अनासक्ती असावी अशी अपेक्षा करणे ही पुण्याच्या कारकुनाची चूक होती. भुकेचा अनुभव पुस्तकी असल्याची ती खूण आहे. परंतु चूक आणि तिरस्कार यांत अंतर आहे. तिरस्कार करणारा पुन्हा त्यांच्याकडे जात नाही. फडके गेले. मे महिन्यात दौलतराव नाईक डॅनियलच्या तुकडीशी लढताना पडला. ज्या जमातीविषयी ती कटू वाक्ये लिहिली गेली, तिच्यातलाच एक माणूस शेवटपर्यंत त्यांच्यासाठी उभा राहिला आणि मेला, हेही त्याच कथेत आहे. दौलतराव पडल्यावर फडके निजामाच्या मुलखात रोहिले आणि अरब जमविण्यासाठी गेले. पैनगंगेपलीकडच्या रोहिल्यांची नावे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येत ती धाकाने. त्या रोहिल्यांपुढे एका चित्पावन कारकुनाने इंग्रजांविरुद्ध बरोबर येण्याचा प्रस्ताव ठेवला, ही गोष्ट पुण्याच्या सोवळ्या कल्पनांत बसणारी नव्हती.

म्हणूनच पेशवाई परत आणण्याचा हा ब्राह्मणी खटाटोप होता, असे जे म्हणतात त्यांच्याशी मला एवढेच बोलावयाचे आहे की त्यांनी फडक्यांचा गुरू कोण हे विचारात घ्यावे. दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी फडके ज्यांच्यापाशी शिकले ते लहुजी वस्ताद साळवे मातंग होते. त्याच लहुजींच्या तालमीत जोतीराव फुले घडले. १८८१ च्या १७ फेब्रुवारीला लहुजी गेले आणि दोन वर्षांनी त्याच तारखेला एडनला त्यांचा हा शिष्य गेला. पेशवाईतल्या पुण्यात मातंगाचा शिष्य होण्यास एक ब्राह्मण तरुण उभा राहिला नसता. फडक्यांच्या डोक्यात जुन्या राज्याची स्वप्ने नव्हतीच असा दावा मी करीत नाही. त्या पिढीतल्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात ती होती, आणि त्यांच्या शब्दकळेत ती उमटतातही. परंतु माणसाचे मोजमाप त्याच्या स्वप्नाइतकेच त्याने धरलेल्या हातांवरून करावे लागते. 'आद्य क्रांतिकारक' हे बिरुद फडक्यांचे की उमाजींचे, असा जो वाद अलीकडे अधूनमधून पेटतो, त्यात माझा कौल उमाजी नाइकांच्या बाजूने आहे. काळाने ते आधीचे आहेत. हे बिरुद उतरविल्याने वासुदेव बळवंतांचे काहीच उणे होत नाही, आणि ते चिकटवून ठेवण्यासाठी उमाजींना मागे सारणे हा त्यांच्या भक्तांनी त्यांच्यावरच केलेला अन्याय आहे.

आईच्या अखेरच्या दुखण्यात रजा वेळेवर मिळाली नाही, ते पोचले तेव्हा ती गेली होती, आणि एवढ्या खाजगी रागापायी हा माणूस बंडखोर झाला, असेही म्हणतात. तो राग होता. नसता तर तो मनुष्य नव्हता. पण तसल्या रजा हजारो कारकुनांना नाकारल्या गेल्या आणि हजारो कारकून दुसऱ्या दिवशी खुर्चीवर येऊन बसले. १३ मे १८७९ रोजी पुण्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला लागलेली आगही त्यांच्याच खात्यावर मांडली गेली. तिच्याशी त्यांचा संबंध कधी शाबीत झाला नाही.

नेमस्तांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. सार्वजनिक सभा शिस्तीने, कागदोपत्री, आकडे मांडून रयतेची बाजू सरकारपुढे ठेवीत होती. फडक्यांच्या बंडाने सरकारला संशयाचे निमित्त मिळाले, आणि त्या संशयाची झळ थेट न्यायमूर्ती रानड्यांना लागली. मे १८७९ मध्ये त्यांची धुळ्याला बदली झाली; तेथे त्यांच्या टपालावर पाळत होती, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत नमूद आहे. हे नुकसान खरे आहे. तथापि ज्यांचे नुकसान झाले त्यांनीच फडक्यांना कसे वागविले ते पाहण्यासारखे आहे. दरबारात खादी घालून गेलेले ते सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, बंडाच्या मार्गाचे कधीही नव्हते. आणि ज्या दिवसांत फडक्यांचे नाव घेण्यास पुण्यातले प्रतिष्ठित कचरत होते, निषेधाचे ठराव करीत होते, त्या दिवसांत काकांनी या आरोपीचे वकीलपत्र घेतले. पुढे सेशन्समध्ये महादेव चिमणाजी आपटे उभे राहिले. मार्ग न पटताही माणूस ओळखणे म्हणजे काय, हे मला काकांच्या त्या वकीलपत्रात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही स्तुतिग्रंथात दिसत नाही.

शिवाय नेमस्तांच्या अर्जांना जे लवकर मिळत नव्हते ते त्याच हंगामात मिळाले, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला आणि आसपासच्या गावांत कुणब्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली होती. चौकशी समिती बसली, अहवाल आला, आणि कायदा मात्र रेंगाळत राहिला. तो शेवटी झाला १८७९ मध्ये, आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत त्याच सालच्या नोव्हेंबरात अमलात आला; त्याच नोव्हेंबरात वासुदेव बळवंतांना शिक्षा ठोठावली गेली. दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा या कायद्याने दिली. एकट्या फडक्यांमुळे तो झाला असे मी म्हणत नाही. सुप्याच्या आगीचा धूर त्याच्या प्रत्येक कलमात आहे. परंतु उपाशी रामोशी, कोळी, धनगर एका इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या हाताखाली एकत्र येऊ शकतात, हे दृश्य पाहिल्यावर सिमल्यातल्या टेबलांवरचे कागद अधिक वेगाने हलले असतील, असे मानण्यास जागा आहे. तो कायदा वऱ्हाडाला लागू नव्हता. तो असता, तर आमच्या पेटीतल्या त्या नांगराच्या निशाणीमागे जाऊन, मुद्दल किती दिले, व्याज किती चढविले, पणजोबांना काय वाचून दाखविले आणि काय वाचून दाखविले नाही, असे प्रश्न एखाद्या मुन्सफाने विचारले असते.

राहता राहिला वेडेपणाचा आणि अपयशाचा आक्षेप. १८५९ साली अमेरिकेत जॉन ब्राऊनने गुलामांच्या हाती शस्त्रे देण्यासाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर मूठभर माणसांनिशी हल्ला केला, दोन दिवसांत तो पकडला गेला, २ डिसेंबरला फाशी गेला, आणि शहाण्यासुरत्यांनी त्याला वेडा ठरविले. दीडच वर्षात त्याच प्रश्नावर त्या देशात युद्ध पेटले. फडक्यांच्या बाबतीत काळाने इतकी घाई केली नाही. त्यांचे बंड पाच महिन्यांत संपले, ठाण्यांवर युनियन जॅक फडकत राहिला, आणि ज्या लोकांसाठी त्यांनी हे सारे केले त्यांतल्या बहुतेकांच्या कानांवर त्यांचे नावही गेले नाही. अपयश पुरेपूर होते. पण त्यानंतरचे एडनमधले दिवस मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हा आक्षेप घेणाऱ्यांना मी तेथे नेऊ इच्छितो: परका मुलूख, चहूकडे वाळू आणि खडक, जवळ कोणी ओळखीचे नाही, पळून जावे तर जाण्यासारखे ठिकाण नाही; आणि क्षयाने पोखरत चाललेला हा कैदी कोठडीच्या दाराच्या बिजागऱ्या उखडतो, दार बाजूला सारतो आणि धावत सुटतो. काही कोसांवर पुन्हा पकडला जातो. पुढे अन्न सोडतो. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, अडतिसाव्या वर्षी, तेथेच मरतो. ज्याला पैसा हवा होता त्याच्या आयुष्याचा शेवट असा होत नाही. आणि ज्याला केवळ कीर्ती हवी होती तो, बघणारे कोणी नसताना, बिजागऱ्यांशी झटत बसत नाही.

माझ्या वृद्ध मित्रांकडे मी मागच्या आठवड्यात गेलो होतो. हयात कलंदरांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचे घर आहे. ओसरीवर ते तुरी निवडीत बसले होते. मी बरोबर ते गहाणखत नेले होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, मुद्रांक पाहिला, साक्षीदारांची नावे मोठ्याने वाचली, आणि सरावाप्रमाणे म्हणाले, "दस्त पक्का आहे." मग नांगराच्या निशाणीवर बोट ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी विचारले की फडक्यांचे ते आत्मचरित्र सगळे वाचायला मिळेल काय, रामोशांना दोष दिला आहे ती पानेसुद्धा. पुढच्या १७ फेब्रुवारीला आमच्या मंडळात व्याख्यान नाही; एक भाग त्यांनी वाचावयाचा, एक मी, असे ठरले आहे. एकही पान गाळावयाचे नाही, ही त्यांची अट आहे.